नोटीस केंद्राची, पहाणी राज्याची: मग दाद कुणाकडे मागायची?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच लक्षात येईल. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात तुमच्या वडिलांच्या नावावर पावणेदोन एकर भातशेती आहे. त्यातली 14 गुंठे महामार्गाच्या रुंदीकरणात जाणार अशी नोटीस आली आहे. तालुका कचेरीत गेलात तर ‘हे काम केंद्राचं, आमच्या हातात काही नाही’ असं उत्तर मिळालं. महामार्गाच्या ऑफिसात गेलात तर ‘जमीन राज्याचा विषय, भूसंपादन अधिकाऱ्यांना भेटा’ म्हणाले. नोटीस कन्नडमध्ये, पहाणी (म्हणजे कर्नाटकातला सातबारा) कन्नडमध्ये, आणि वडिलांचं शिक्षण सगळं मराठीत. शेवटी तुम्ही विचारलंय, खरी सत्ता कुणाची, दिल्लीची की बेंगळुरूची? आणि सीमाप्रश्नाचा निकाल सुप्रीम कोर्टात व्हायचाच आहे, तर तोवर थांबलेलं बरं का?

थांबू नका. बाकी सगळं सावकाश वाचा, पण एवढं आत्ताच मनावर घ्या. मी 27 वर्षं बेळगावात महसूल आणि भूसंपादनाची प्रकरणं चालवतो आहे. बाजू भक्कम असूनही केवळ मुदत हुकली म्हणून हरलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. सीमाप्रश्नाबद्दल मलाही तुमच्याइतकंच वाटतं, त्यावर खाली लिहितो. पण त्याचा आणि तुमच्या 14 गुंठ्यांचा संबंध नाही.

तुमची नोटीस मी पाहिलेली नाही. त्यामुळे काही गोष्टी ‘असं असेल तर’ अशाच सांगाव्या लागतील. कोणत्या कायद्याखाली नोटीस आहे, अधिसूचना कोणत्या टप्प्यावर आहे, पहाणीत नाव अजून आजोबांचं आहे की वारसा लागून वडिलांचं झालंय, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

आता मूळ प्रश्न. दोन्ही ऑफिसांनी तुम्हाला सांगितलं ते अर्धं अर्धं खरं आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: केंद्र सूची, राज्य सूची आणि समवर्ती सूची. सुरुवातीला त्यांत 97, 66 आणि 47 विषय होते, पुढे घटनादुरुस्त्यांनी थोडे इकडचे तिकडे झाले. पक्षकारांना मी हे वाटणीपत्राच्या भाषेत सांगतो. थोरल्याच्या नावचं लिहिलं, धाकट्याच्या नावचं लिहिलं, विहीर सामाईक ठेवली. सामाईक विहिरीवर दोघांच्या पाळ्या एकमेकींच्या आड आल्या तर थोरल्याची पाळी आधी. आणि जे वाटणीपत्रात लिहायचंच राहिलं, तेही थोरल्याकडे. कलम 254 आणि 248 यांचा अर्थ ढोबळमानाने हाच. फरक एवढाच, की सामाईक विषयावर राज्याने केलेल्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल, तर त्या राज्यापुरती धाकट्याची पाळी टिकते. नंतर संसद तीही बदलू शकते.

घोटाळा होतो तो असा: वाटणी विषयांची झाली आहे आणि तुमच्या एका सर्व्हे नंबरवर पाच-सहा विषय एकाच वेळी उभे आहेत. शेतजमीन, तिच्यावरचे हक्क आणि जमिनीचं दप्तर हे राज्याचे विषय. राष्ट्रीय महामार्ग हा केंद्राचा. भूसंपादन समवर्ती. मुद्रांक शुल्काचे दर बहुतेक दस्तांसाठी राज्य ठरवतं, दस्त नोंदणी समवर्ती. शेतात वन खात्याची हद्द घुसली असेल तर तोही समवर्ती. म्हणून ‘जमीन कुणाच्या ताब्यातला विषय’ असं विचारलं की दहा उत्तरं येतात. ‘हा कागद कोणत्या कायद्याखाली निघाला’ असं विचारलं की एकच येतं.

नोटीस समोर घ्या. वर किंवा पहिल्या परिच्छेदात कायद्याचं नाव आणि साल असतं, कन्नड वाचता आलं नाही तरी आकडा वाचता येतो. 1956 आणि 3ए, 3डी असं काही दिसलं तर तो राष्ट्रीय महामार्ग कायदा. मग खाली सहीपाशी या. तिथे बहुधा राज्याच्याच महसूल खात्यातल्या अधिकाऱ्याची सही असते, पण हुद्दा लिहिलेला असतो ‘सक्षम प्राधिकारी’. तुमची अडचण इथेच आहे. माणूस राज्याचा, पगार राज्याचा, पण या कागदावर त्याने मारलेला शिक्का केंद्राच्या कायद्याचा. त्याच टेबलावर त्याचा दुसरा शिक्का असतो, तो राज्याच्या कामांसाठी. तुम्ही ‘प्रांत साहेबांना अर्ज’ लिहून दिलात तर तो अर्ज दुसऱ्या शिक्क्याखाली जातो, आणि महामार्गाच्या फाइलला लागतच नाही.

माझ्याकडे एक शेतकरी आले होते, सगळा जन्म तालुका कचेरीत जाऊन कामं केलेले. हरकत त्यांनी मुदतीत लिहिली, सुबक मराठीत, कारणंही बिनतोड होती: विहीर जाते, पाट तुटतो, उरलेल्या तुकड्यात बैलजोडी वळत नाही. पण ती दिली नेहमीच्या खिडकीत. पोचही घेतली होती. सक्षम प्राधिकाऱ्याकडे ती पोचली तेव्हा 21 दिवस उलटून गेले होते. पुढे 3डीची, म्हणजे जमीन संपादन करत असल्याची घोषणा झाली, आणि त्या घोषणेबरोबर जमीन कायद्याने केंद्र सरकारची होते. आमच्या हातात उरला तो फक्त मोबदल्याचा वाद. ती पोच मी अजून त्यांच्या फाइलला लावून ठेवली आहे.

मुदती कायद्यागणिक वेगळ्या आहेत. राष्ट्रीय महामार्ग असेल तर 3एची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवस. रेल्वेसाठी 1989च्या रेल्वे कायद्याखाली जमीन जात असेल तर 30 दिवस. 2013च्या सर्वसाधारण भूसंपादन कायद्याखाली असेल तर 60 दिवस. शेजाऱ्याने ‘आम्हाला दोन महिने मिळाले होते’ असं सांगितलं तर ते खरं असेल, पण त्याची जमीन दुसऱ्या कामासाठी गेली असेल.

आणखी एक बारकावा. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यायचा आणि त्यांतलं एक देशी भाषेतलं हवं, असं महामार्ग कायदा सांगतो. कोणती देशी भाषा ते सांगत नाही. आपल्या भागात ती कन्नड असू शकते, मराठीही असू शकते. म्हणून ‘मराठी पेपरात आली नाही, म्हणून नोटीस रद्द’ या एकाच मुद्द्यावर भरवसा ठेवू नका. तो जोडमुद्दा म्हणून घ्यायचा, मुख्य म्हणून नाही.

मोबदल्यात तर केंद्र आणि राज्य असे गुंतलेले आहेत की एकाला सोडून दुसऱ्याचा हिशेबच होत नाही. 2015पासून महामार्गाच्या जमिनींनाही 2013च्या कायद्याचं मोबदल्याचं सूत्र लागू आहे. कायदा संसदेचा. पण बाजारभाव काढताना बघतात ते मुद्रांकासाठी राज्याने ठरवलेले किमान दर किंवा आसपासच्या खरेदीखतांची सरासरी, यांतलं जे जास्त असेल ते. ग्रामीण जमिनीला त्यावर 1 ते 2 असा गुणक लागतो. वर 100 टक्के दिलासा रक्कम. विहीर, झाडं, बांधकाम यांची किंमत वेगळी. आता गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट बघा: गावात कमी किमतीची खतं करायची सवय असेल, मुद्रांक वाचवण्यासाठी, तर तीच खतं पुढे सगळ्या गावाचा मोबदला खाली ओढतात. तुम्ही सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसातून गेल्या तीन वर्षांतल्या जवळच्या व्यवहारांच्या नकला काढा. आणि पहाणी तपासा. 9 नंबरच्या रकान्यात नाव कुणाचं, 11मध्ये बँकेचा बोजा आहे का. पहाणी राज्याची, पैसे केंद्राचे, आणि राज्याच्या कागदात आजोबांचं नाव असेल तर केंद्राचा चेक तिथेच अडकतो. संयुक्त मोजणीच्या दिवशी स्वतः शेतात उभे राहा. फणस, काजू, नारळ एक एक करून लिहून घ्या. त्या दिवशी राहिलेलं झाड नंतर कागदावर चढवायला वर्षं जातात. ठरलेली रक्कम मान्य नसेल तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जायचं, थेट दिवाणी दावा लावायचा नाही.

तुम्ही ‘सत्ता कुणाची’ हा प्रश्न मनापासून विचारलाय, म्हणून जमिनीपलीकडचंही थोडं सांगतो, कारण आपल्या सीमाभागात हे रोज अंगावर येतं.

बेळगावात शहरातून कॅम्पात शिरा. रस्त्याच्या अलीकडच्या घराला माडी चढवायची तर परवानगी महापालिकेची, म्हणजे राज्याच्या कायद्याखाली. पलीकडचं घर कॅन्टोन्मेंटमध्ये. तिथे छावणी मंडळ, 2006चा कॅन्टोन्मेंट कायदा आणि दिल्लीतलं संरक्षण मंत्रालय, कारण छावणीतलं स्थानिक प्रशासन केंद्र सूचीत लिहिलेलं आहे. मात्र त्याच पलीकडच्या घरात चोरी झाली तर फिर्याद राज्याच्या पोलिसांकडेच. वाटणी विषयांची आहे ती अशी.

कणकुंबीकडे जा. पाणी हा राज्याचा विषय, पण त्याच नोंदीत लिहिलंय की आंतरराज्य नद्यांबाबत केंद्राचा अधिकार राखून. म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात जाते. म्हणून तिचं पाणी बेंगळुरूला एकट्याने वळवता येत नाही आणि पणजीला एकट्याने अडवता येत नाही. 2010मध्ये केंद्राने लवाद नेमला, 2018मध्ये निवाडा आला, त्यात कर्नाटकाच्या वाट्याला 13.42 टीएमसी आलं. तरीही ते पाणी वळवण्याचा कळसा-भांडुरा प्रकल्प अडलाच, कारण वन आणि वन्यजीवांच्या परवानग्या वेगळ्या. जंगल आणि वन्यप्राणी हे विषय मुळात राज्याचे होते. 42व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले, 3 जानेवारी 1977पासून. शिक्षणही त्याच वेळी गेलं.

त्या एका बदलाची किंमत भीमगडच्या जंगलातली आमगावसारखी गावं मोजतात. रस्ता हा राज्याचा विषय, पैसेही राज्य देईल, पण वनातून रस्ता न्यायचा तर 1980च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मान्यता हवी, आणि अभयारण्य म्हणून वन्यजीव कायद्याची वेगळी. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावर उचलून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. इथे नुसतं ‘राज्य काही करत नाही’ म्हणणं पुरेसं नाही, आणि ‘केंद्र अडवतं’ एवढंही पुरेसं नाही. प्रस्ताव राज्याने पाठवलाय का, हा पहिला प्रश्न. पाठवला असेल तर कोणत्या टेबलावर आहे, हा दुसरा. माहिती अधिकारात हे दोन प्रश्न वेगवेगळ्या कार्यालयांत टाकावे लागतात.

पैशांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की पेट्रोलचा दर बदलतो, कारण पेट्रोल अजून जीएसटीत नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क दोन्हीकडे सारखं, राज्याचा विक्रीकर वेगळा. 15व्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला कर्नाटकाचा वाटा 4.713 टक्क्यांवरून 3.647 टक्क्यांवर आणला, त्यावरून बेंगळुरू आणि दिल्लीत वाद झाला, 2024मध्ये जंतरमंतरवर आंदोलनही झालं. तुमच्या केसशी त्याचा संबंध नाही, पण राज्याची योजना का रखडते याचं एक कारण तिथे सापडतं.

भाषेचा प्रश्न मात्र सविस्तर घेतो, कारण तो तुमच्या वडिलांच्या जिव्हाळ्याचा आहे आणि त्यात चुकीच्या समजुती फार आहेत.

राज्याची राजभाषा ठरवायचा अधिकार कलम 345ने राज्याच्या विधिमंडळाला दिला आहे. कर्नाटकाने 1963च्या राजभाषा कायद्याने कन्नड ठरवली. जमिनीचं दप्तर राज्याचं, म्हणून पहाणी कन्नडमध्ये आहे ती कायद्याने आहे. हे आपल्याला आवडो न आवडो, कोर्टात उभं राहताना इथून सुरुवात करावी लागते.

पण घटनाकारांनी आणि 1956च्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे ठेवलंय ते राज्याला पुसता येत नाही. कलम 350: गाऱ्हाणं दूर व्हावं म्हणून केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. 350अ: प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय. 350ब: भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी नेमलेला विशेष अधिकारी. त्याशिवाय 1956च्या केंद्राच्या निवेदनात असं ठरलं, की ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत मराठी माणूस 15 टक्क्यांच्या कितीतरी वर आहे. पण हे निवेदन म्हणजे कायदा नव्हे, सरकारांनी एकमेकांना दिलेला शब्द. तो पाळला गेला नाही तर दाद मागता येते, पण कलमाइतकं बळ त्याला नाही.

एका कचेरीत माझ्या पक्षकाराचा मराठी अर्ज खिडकीतूनच परत केला होता. मी भांडलो नाही. त्याच अर्जाच्या डोक्यावर पेनने लिहिलं: ‘भारतीय संविधान, कलम 350 अन्वये अर्ज’, खाली तारीख, आणि शांतपणे म्हटलं, घ्यायचा नसेल तर नकाराचं कारण लेखी द्या. लेखी कुणी देत नाही. पाच मिनिटांत पोच मिळाली. तुम्हीही तसंच करा, मात्र सोबत कन्नड तर्जुमा जोडा. अर्ज मराठीत देणं हा तुमचा हक्क आहे, पण उत्तर मराठीतच मिळेल अशी हमी 350मध्ये नाही, आणि वाचणाऱ्याला तुमची हरकत त्याच दिवशी कळावी यात तुमचाच फायदा. माझ्या ऑफिसात आम्ही दोन्ही प्रती एकाच पिनेत लावून देतो. हक्कही राहतो, कामही होतं.

आता सीमाप्रश्न. 1 नोव्हेंबर 1956ला राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव जिल्हा चंदगड तालुका वगळून मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. हा कायदा संसदेचा. घटनेच्या कलम 3प्रमाणे राज्याची सीमा बदलायचा अधिकार संसदेला आहे. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने मांडावं लागतं आणि संबंधित विधिमंडळाचं मत मागवावं लागतं. मत मागवावं लागतं, संमती लागत नाही. 2014मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं, तरी तेलंगण झालं. तेव्हा तुमच्या ‘सत्ता कुणाची’ या प्रश्नाचं सरळ उत्तर हवं असेल तर ते इथे आहे: रोजच्या कारभारात दोघेही आपापल्या विषयात मालक, पण राज्याचा नकाशा दिल्लीच्या हातात.

1966मध्ये महाजन आयोग नेमला गेला, त्याने 264 गावं महाराष्ट्राला द्यावीत असं सुचवलं, त्यांत निपाणी आणि खानापूरही होतं. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राने ते मानलं नाही. 2004मध्ये महाराष्ट्राने कलम 131खाली सुप्रीम कोर्टात दावा लावला, 865 गावांसाठी. कलम 131खाली फक्त सरकारंच एकमेकांविरुद्ध जाऊ शकतात, आपल्यासारखे नागरिक जाऊ शकत नाहीत. कर्नाटकाचं म्हणणं, हा विषय कलम 3चा, संसदेचा, कोर्टाचा नव्हेच. म्हणजे भांडण सीमेचं आहे आणि ते ठरवायचं कुणी याचंही आहे. मी स्वतः मनाने कुठे उभा आहे हे तुम्हाला माझ्या भाषेवरून कळलंच असेल. तरी वकील म्हणून सांगतो: उद्या 865 गावं महाराष्ट्रात गेली तरी राष्ट्रीय महामार्ग राष्ट्रीयच राहील, 3डी झालेली जमीन केंद्राचीच राहील. बदलेल ती पहाणी, तिचा सातबारा होईल. गेलेली 14 गुंठे त्या सातबाऱ्यावर परत येणार नाहीत.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. नोटिशीचे चारही कोपरे दिसतील असा फोटो काढून ठेवा. कायद्याचं नाव, कलम, सहीखालचा हुद्दा टिपून घ्या. हरकत त्याच हुद्द्याच्या नावाने, मराठी आणि कन्नड दोन्हीत, समक्ष द्या आणि पोच घ्या. वर तीच स्पीड पोस्टाने पाठवा. हरकतीत ‘जमीन देणार नाही’ एवढंच लिहू नका. पाट कुठे तुटतो, उरलेल्या तुकड्यात जायला वाट राहते का, रस्त्याची रेषा पलीकडच्या पडीक बाजूला सरकवता येते का, हे नकाशावर पेन्सिलीने दाखवा, कारण त्याची सुनावणी द्यावीच लागते. वारसा लागला नसेल तर त्याचा अर्ज आजच नाडकचेरीत (गावाजवळच्या महसूल कार्यालयात) टाका, तो राज्याच्या खिडकीचा विषय आहे. आणि 3एची अधिसूचना राजपत्रात कोणत्या तारखेला आली ते शोधून मला कळवा. नोटीस तुमच्या घरी कधी पोचली यापेक्षा ती तारीख महत्त्वाची, 21 दिवस तिथूनच मोजायचे आहेत.